तोंडातला चट्टा, व्रण, गाठ: केसपेपरवर आणि बायोप्सीच्या फॉर्मवर वर्णन कसं लिहावं?

अक्कलदाढ

शिबिरांतून आणि छोट्या दवाखान्यांतून पुढे पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर हमखास दिसणारी ओळ: 'डाव्या गालात पांढरा चट्टा, ल्युकोप्लाकिया?' तारीख, सही, शिक्का. पुढच्या डॉक्टरला यातून काहीच कळत नाही. गालात नेमका कुठे, केवढा, सपाट की उंच, पुसून निघतो की नाही, हाताला कसा लागतो, हे सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून पाहावं लागतं. दोन महिन्यांनी रुग्ण परत आला तर चट्टा वाढला की कमी झाला हेही सांगता येत नाही, कारण पहिलं मापच नाही. म्हणून हा धागा. आधी जे दिसलं आणि हाताला लागलं ते लिहायचं, निदानाचं नाव त्यानंतर.

सुरुवात तपासणीपासून. कवळी असेल तर काढायला सांगा. तोंडात थुंकी साचलेली असताना पाहू नका. गॉजने किंवा हवेने म्युकोसा (तोंडाच्या आतलं अस्तर) कोरडा करा, नाहीतर चकाकीमुळे पृष्ठभागाचा पोत कळत नाही. दोन आरसे वापरा, गाल दोन्ही बाजूंना ताणून पाहा. जीभ गॉजमध्ये धरून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढा, म्हणजे कडेचा मागचा भाग दिसतो. मग जीभ टाळूला लावायला सांगून तोंडाचा तळ पाहा. शेवटच्या दाढेमागचा त्रिकोणी भाग आणि जिभेची मागची कड या दोन जागा सर्वात जास्त सुटतात, आणि कर्करोग तिथेही होतो.

आता शब्द. सपाट, फक्त रंग बदललेला: मॅक्यूल, मोठा असेल तर पॅच. किंचित उंच, माथा सपाट, पसरलेला: प्लाक. छोटा भरीव उंचवटा: पॅप्यूल. मोठा आणि खोलवर गेलेला: नोड्यूल. पाणी भरलेला छोटा फोड: व्हेसिकल, मोठा: बुला. पू भरलेला: पुस्ट्यूल. वरचा थर अर्धवट गेलेला: इरोजन. एपिथेलियमचा (अस्तराच्या वरच्या पेशींचा) पूर्ण थर जाऊन खालचा थर उघडा पडलेला: अल्सर. चिरेसारखी फट: फिशर. गाठ देठावर उभी असेल तर पेडंक्युलेटेड, रुंद बुडावर बसलेली असेल तर सेसाइल. हे ठरवायला प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळई) गाठीच्या बुडाभोवती फिरवा. देठ बारीक असेल तर प्रोब गाठीच्या खाली शिरतो.

जागा लिहिताना 'गालात' एवढ्यावर थांबू नका. दाताचा क्रमांक द्या, एफडीआय (जागतिक दंत संघटना) यांच्या दोन आकडी पद्धतीने: डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ ३६, उजवीकडची ४६. '३६ आणि ३७ च्या समोर, दात मिटतात त्या रेषेवर' असं लिहिलं की कुणीही त्याच जागी बोट ठेवू शकतो.

निशिगंध

धागा काढल्याबद्दल आभार. इंटर्नशिपमध्ये दोन ठिकाणी अडायला होतं.

१) व्हेसिकल आणि बुला यांची सीमा काही पुस्तकांत ५ मिमी आहे, काहींत १ सेमी. पॅप्यूल-नोड्यूलचंही तसंच. नक्की कोणती धरायची?

२) इरोजन आणि अल्सर यांतला फरक मायक्रोस्कोपखाली समजतो. खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या तोंडात तो कसा ओळखायचा?

सूक्ष्मदर्शी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: दोन्ही सीमा चालतात, मात्र मिमीमध्ये माप लिहा. ओरल पॅथॉलॉजीची बरीचशी पुस्तकं ५ मिमी धरतात, ओरल मेडिसिनमध्ये आणि काही त्वचारोगाच्या पुस्तकांत १ सेमी येतं. '७ मिमीचा पाण्याचा फोड, भिंत ताणलेली, आतलं पाणी रक्तमिश्रित' असं लिहिलंत तर वाचणारा कुठल्याही पुस्तकावर वाढलेला असो, त्याचा गोंधळ होत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र तुमच्या विभागात जी सीमा शिकवली तीच लिहा.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. इरोजन लालभडक, ओलसर, उथळ दिसतं. वर साय नसते. अल्सरच्या तळावर फायब्रिनची पिवळट-पांढरी किंवा करडी साय असते, कडेला पायरी जाणवते आणि पुष्कळदा भोवती लाल कडं असतं. शंका असली की कोरडं करून तिरक्या उजेडात पाहा, कडेची पायरी लगेच उठून दिसते. एक विसंगती इथे सांगतो: 'इरोझिव्ह लायकेन प्लेनस' (अस्तराच्या एका जुनाट दाहाचा प्रकार) या नावाखाली येणाऱ्या कितीतरी रुग्णांत प्रत्यक्षात अल्सर असतात. नाव रूढ आहे, राहू द्या. पण वर्णनात साय दिसत असेल तर अल्सरच लिहा.

फोडांबाबत आणखी एक. तोंडात अखंड फोड दिसणं दुर्मिळ. चावताना, बोलताना, जिभेच्या घासण्याने तो काही तासांत फुटतो, आणि आपल्यासमोर येते ती सोललेली जागा, कडेला फोडाच्या कातडीचे तुकडे लोंबणारी. अशा वेळी केसपेपरवर 'व्हेसिकल' लिहू नका. जे दिसतंय ते तपासणीच्या रकान्यात: 'अनियमित इरोजन, कडेला पातळ पांढरी झालर'. आणि 'आधी पाण्याचा फोड आला होता' हे रुग्णाच्या सांगण्याच्या रकान्यात. हे दोन रकाने मिसळले की पेम्फिगस, पेम्फिगॉइड आणि हर्पिस या फोड आणणाऱ्या आजारांत फरक करायला जो दुवा लागतो तोच हरवतो.

कृष्णाकाठ

सांगण्याच्या रकान्यावरून: आपल्याकडे रुग्ण 'तोंड आलंय' म्हणतो त्यात अ‍ॅफ्थे (वारंवार येणारे दुखरे व्रण), बुरशी, सोललेली जीभ, सबम्युकस फायब्रोसिसची (सुपारीने तोंडाचं अस्तर कडक होण्याच्या आजाराची) जळजळ, सगळं येतं. 'फोड आलाय' म्हणतो तेव्हा बहुतेकदा समोर अल्सर असतो. म्हणून फिरवून विचारा. आधी पाणी भरलेला फुगा दिसला होता का? एकाच जागी आहे की दर वेळी जागा बदलते? मध्ये पूर्ण बरं झालं होतं का? ताप होता का? डोळे, त्वचा, गुप्तांग इथे काही आहे का? 'सहा महिन्यांपासून तोंड येतंय' याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात: दर महिन्याला येऊन आठवड्याभरात बरं होणारं, किंवा सहा महिने न हललेलं. दुसरा अर्थ निघाला तर बायोप्सीची तयारी ठेवा.

आता अल्सर कसा लिहायचा ते. जागा, संख्या, माप, आकार हे झालं की कड, तळ आणि पाया. तळ डोळ्यांनी दिसतो, पाया बोटांनी कळतो. ही गल्लत फार होते. 'तळ कठीण' असं लिहिलेलं वाचलं की लिहिणाऱ्याने हात लावला की नाही हेच कळत नाही.

कड उतरती असेल तर व्रण भरत चालला असण्याची शक्यता. कड आतून पोखरलेली, म्हणजे प्रोब कडेखाली शिरतो अशी, तर क्षयाचा विचार करा. तो जिभेवर बऱ्याचदा सापडतो आणि दुखरा असतो. पंचने काढल्यासारखी उभी कड गमामध्ये (सिफिलिसच्या उशिराच्या टप्प्यातल्या गाठीत). उंच, गुंडाळून बाहेर उलटलेली कड स्क्वेमस सेल कार्सिनोमाची (तोंडाच्या अस्तराच्या नेहमीच्या कर्करोगाची). दाताच्या टोकाने घासून झालेल्या जुन्या व्रणाला भोवती पांढरी जाड किनार येते.

पाया पाहायला अंगठा आत, तर्जनी बाहेर गालावर, आणि दोन्ही बोटांत व्रण धरून हळू दाबा. तोंडाच्या तळासाठी एका हाताचं बोट आत आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली. मग तेच दुसऱ्या बाजूला करून तुलना करा. एकाच बाजूवरून कठीणपणा ठरवू नये. कठीण भाग दिसणाऱ्या व्रणापेक्षा मोठा असेल तर दोन्ही मापं वेगळी लिहा. 'व्रण १२ × ९ मिमी, कठीण भाग २० × १८ मिमी' यात सर्जनला खूप काही मिळतं.

कठीणपणा म्हणजे कर्करोगच असं नाही. घासणारा दात तसाच राहिला तर दुखापतीचा व्रणही कठीण लागतो. दात घासून गुळगुळीत करा, दोन आठवड्यांनी पुन्हा तेच माप घ्या. कमी झालं नसेल तर बायोप्सी. हे दोन आठवडे केसपेपरवर तारखेने लिहून द्या, 'पुन्हा दाखवा' एवढंच नको.

निशिगंध

अ‍ॅफ्थे आणि हर्पिस यांत जागेचा उपयोग होतो ना? तोही सांगाल का?

कृष्णाकाठ

होतो, मोठा होतो. नेहमीचे अ‍ॅफ्थे हलत्या, मऊ म्युकोसावर येतात: ओठाची आतली बाजू, गाल, जिभेची खालची बाजू, तोंडाचा तळ. वारंवार होणारा हर्पिस तोंडाच्या आत आला तर घट्ट बसलेल्या म्युकोसावर, म्हणजे कठीण टाळू आणि दाताला लागून असलेली हिरडी. म्हणून 'टाळूवर' लिहू नका, कठीण की मऊ ते लिहा.

मायनर अ‍ॅफ्था १० मिमीपेक्षा लहान, ७ ते १४ दिवसांत वण न ठेवता जातो. मेजर १० मिमीपेक्षा मोठा, खोल, कित्येक आठवडे राहतो आणि वण ठेवतो. हर्पेटिफॉर्म प्रकारात १ ते ३ मिमीचे पुष्कळ व्रण एकदम येतात, एकमेकांत मिसळतात. नावात साधर्म्य असलं तरी त्याचा हर्पिसच्या विषाणूशी संबंध नाही. फॉर्मवर 'हर्पेटिफॉर्म' वाचून कुणी अँटिव्हायरल सुरू करू नये म्हणून 'अ‍ॅफ्थे' हा शब्द सोबत लिहाच.

वैनगंगा

सबम्युकस फायब्रोसिसबद्दल लिहितो. विदर्भात खर्रा, बाकी महाराष्ट्रात मावा आणि गुटखा. सुपारी सगळ्यांत समान. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी हे रुग्ण तरुण वयात येत राहतात. या आजाराचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे: १९५२ साली श्वार्ट्झने पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांत तो नोंदवला, पुढच्याच वर्षी मुंबईत एस. जी. जोशींनी टाळू आणि घशाच्या कमानींचा सबम्युकस फायब्रोसिस म्हणून त्याचं वर्णन केलं, आणि १९६६ मध्ये पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी आजही उद्धृत होणारी व्याख्या दिली.

केसपेपरवर 'ओएसएमएफ ग्रेड २' (ओएसएमएफ म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस) एवढंच लिहून मोकळं होऊ नका. ग्रेडिंगच्या पद्धती अनेक आहेत, कुठली वापरली ते न लिहिल्यास आकड्याला अर्थ नाही. हे लिहा:

तोंड किती उघडतं, मिमीमध्ये. वरच्या आणि खालच्या त्याच बाजूच्या पहिल्या समोरच्या दातांच्या धारांमधलं अंतर, म्हणजे ११ ते ४१, व्हर्नियर कॅलिपरने. डोकं टेकलेलं, रुग्णाला जमेल तेवढं उघडायला सांगून. पुढच्या भेटीत तेच दात धरा. समोरचे दात पडले असतील तर कुठून कुठपर्यंत मोजलं ते लिहा. एका रूढ वर्गीकरणात ३५ मिमी आणि त्याहून जास्त, २५ ते ३५, १५ ते २५ आणि १५ पेक्षा कमी असे चार गट पडतात, पण गट लिहिला तरी मूळ आकडा हवाच. २६ वरून ३४ वर आलेला रुग्ण गटात तिथेच दिसतो, आणि ही सुधारणा छोटी नाही.

मग पट्टे. बोट गालाच्या आत वरून खाली नव्हे तर पुढून मागे फिरवा. उभे पट्टे तारेसारखे आडवे लागतात. ओठांभोवती गोल पट्टा आहे का, मऊ टाळू हलतो का, पडजीभ आखूड किंवा कळीसारखी झाली आहे का, जीभ ओठाच्या पुढे किती मिमी येते. रंग पांढुरका, संगमरवरासारखा चितारलेला. हा पांढुरकेपणा म्हणजे प्लाक नव्हे. पृष्ठभाग उंचावलेला नसतो, पुसून किंवा खरवडून काही निघत नाही. 'पांढरा चट्टा' लिहिलं तर वाचणारा ल्युकोप्लाकिया समजतो. 'पांढुरका पडलेला, कडक' असं लिहा. आणि त्याच म्युकोसावर खरोखरचा प्लाक किंवा लाल भाग असेल तर तो वेगळा नोंदवा. दोन्ही एकत्र असू शकतात आणि तोच भाग बायोप्सीसाठी निवडायचा असतो.

अक्कलदाढेच्या सुजेनेही तोंड उघडत नाही, त्यामुळे तोंड कमी उघडतं म्हणून लगेच फायब्रोसिस लिहू नये. पट्टे लागत नाहीत, एका बाजूला दुखतं, चार दिवसांतच सुरू झालं, तर कारण दुसरं शोधा.

अक्कलदाढ

सवयींच्या रकान्याबद्दल वैनगंगा यांच्या मुद्द्याला जोडून. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला खेड्यातल्या बायकांकडून 'नाही' येतं, कारण मिश्री ही त्यांच्या लेखी दात घासायची गोष्ट आहे. नावं घेऊन विचारा: मिश्री, मशेरी, तपकीर, तंबाखू-चुना, मावा, खर्रा, गुटखा, पान, नुसती सुपारी, विडी, चिलीम. दिवसाला किती वेळा, किती मिनिटं, कोणत्या बाजूला, रात्री ठेवून झोपता का, किती वर्षं, सोडली असेल तर कधी. चट्टा आणि तंबाखू ठेवायची जागा जुळते की नाही हे एका वाक्यात लिहा.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन गटाने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. इतक्या तोंडांची नोंद, वेगवेगळ्या तपासणाऱ्यांनी केलेली, एका ओळीत मांडायची तर शब्दांच्या व्याख्या आधी ठरवूनच घ्याव्या लागतात. आपल्या तालुक्याच्या शिबिरालाही हेच लागू आहे. शिबिराच्या सकाळी दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून फोटो पाहून शब्द पक्के करा.

मांडवी

गोव्यात धुमटी आणि आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा पेटलेलं टोक तोंडात ठेवून ओढण्याची पद्धत आहे. अशा रुग्णांत कठीण टाळू आवर्जून पाहा: म्युकोसा जाड, पांढुरका, लाळग्रंथींची तोंडं लाल ठिपक्यांसारखी, मध्ये लाल भाग, कधी व्रण. सवयींच्या रकान्यात 'विडी' लिहिलं आणि उलटं ओढणं लिहिलं नाही, तर टाळूवर हे का झालं याचा उलगडा होत नाही.

निशिगंध

आता पांढऱ्या चट्ट्याकडे. 'ल्युकोप्लाकिया' हा शब्द नेमका केव्हा लिहायचा?

सूक्ष्मदर्शी

पुसून निघत नाही म्हणून ल्युकोप्लाकिया, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८ च्या व्याख्येत 'दुसऱ्या कुठल्याही आजारात बसवता न येणारा पांढरा चट्टा किंवा प्लाक' असा आशय होता. २००५ च्या लंडन बैठकीतून आलेल्या आणि २००७ मध्ये छापलेल्या व्याख्येत भर पडली ती धोक्याची: कर्करोगाचा जादा धोका नसलेले ज्ञात आजार वगळल्यावर उरलेले, धोका असू शकेल असे पांढरे प्लाक. २०२० च्या ग्लासगो बैठकीतही गाभा तोच राहिला. म्हणजे हा शब्द वगळावगळीनंतर येतो, आणि काय वगळलं ते कागदावर दिसायला हवं.

वगळायचा क्रम असा. गॉज गुंडाळलेल्या बोटाने घट्ट पुसा: दह्यासारखा थर निघून खाली लाल जागा दिसली तर बुरशी. गाल ताणा: पांढुरकेपणा नाहीसा झाला तर ल्युकोएडिमा, दोन्ही बाजूंना असतो, उपचार लागत नाही. दात मिटतात त्या रेषेवरच सरळ आडवी पांढरी रेघ असेल तर लिनिया अल्बा. गाल चावायची सवय असेल तर पृष्ठभाग फाटका, धाग्यांसारखा. दोन्ही गालांत जाळीदार रेषा: लायकेन प्लेनस. पिवळट बारीक दाणे, गालात किंवा वरच्या ओठाला: फॉर्डाइस, ते नेहमीचेच. दाढ दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा लवंगेचं तेल हिरडीशी धरलं, किंवा चुना लागला, तर सुरकुतलेला पांढरा थर येतो. तो ओढल्यावर निघतो आणि खाली सोललेलं असतं. हा प्रकार इतिहास न विचारता कुणाच्याही लक्षात येणार नाही. टोकदार दात किंवा कवळीची कड समोर असेल तर ती आधी दुरुस्त करून दोन ते चार आठवड्यांनी पाहा.

एवढं करून उरला तर ल्युकोप्लाकिया, आणि त्यापुढे होमोजिनस की नॉन-होमोजिनस. सारखा पांढरा, पातळ, सपाट, कोरड्या जमिनीसारख्या बारीक भेगा असलेला तो होमोजिनस. त्यात लाल भाग मिसळला, दाणे उठले किंवा चामखिळीसारखा पृष्ठभाग झाला की नॉन-होमोजिनस. दुसऱ्या गटात धोका जास्त.

'डिस्प्लेसिया' (पेशींतला कर्करोगाकडे झुकणारा बदल) हा शब्द तपासणीच्या रकान्यात कधीही लिहू नका. तो स्लाइड पाहिल्यावरच ठरतो. 'प्रीकॅन्सर'ही नको, त्या जागी 'पोटेन्शियली मॅलिग्नंट डिसऑर्डर' (कर्करोगात बदलू शकणारा विकार) रूढ झालं आहे. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर 'प्रीकॅन्सर' वाचून माणूस एकतर खचतो, नाहीतर दवाखान्याकडे फिरकत नाही.

वैनगंगा

पांढऱ्याच्या नादात लाल सुटतं, हे कुणीतरी ठळक लिहायला हवं.

सूक्ष्मदर्शी

बरोबर, मुद्दामच वेगळं ठेवलं होतं. एरिथ्रोप्लाकिया: मखमली, भडक लाल, भोवतालच्या म्युकोसाच्या पातळीत किंवा किंचित खोल, आणि दुसऱ्या कुठल्या आजारात न बसणारा. दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. शेफर आणि वॉल्ड्रन यांनी १९७५ मध्ये ६५ नमुने पाहिले: ५१ टक्क्यांत आत शिरलेला कर्करोग, ४० टक्क्यांत तीव्र डिस्प्लेसिया किंवा कार्सिनोमा इन सिटू (अजून वरच्या थरातच असलेला कर्करोग), उरलेल्या ९ टक्क्यांत सौम्य ते मध्यम डिस्प्लेसिया. एकही नमुना निर्दोष नव्हता. त्यामुळे कारण न सापडलेला, दोन आठवड्यांत न गेलेला लाल चट्टा 'पाहू पुढच्या महिन्यात' म्हणून ठेवायचा नाही.

लाल किंवा निळसर दिसलं की काचेची स्लाइड हलकेच दाबून पाहा. रंग फिका पडला तर रक्त वाहिन्यांच्या आत आहे. तसाच राहिला तर रक्त बाहेर झिरपलेलं: टाचणीच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे पेटेकी, सेंटीमीटरच्या वर पसरलेलं एकिमोसिस. हे दिसलं तर सुई किंवा ब्लेड हातात घेण्याआधी प्लेटलेट पाहा. आणि ठोके लागणाऱ्या किंवा दाबल्यावर रिकामी होऊन पुन्हा भरणाऱ्या गाठीची बायोप्सी दवाखान्यात करू नका.

अक्कलदाढ

नमुना म्हणून एक पूर्ण वर्णन देतो. रुग्ण प्रत्यक्षातला नाही, वाक्यांची मांडणी पाहा. बकल म्युकोसा म्हणजे गालाच्या आतलं अस्तर.

'डाव्या बकल म्युकोसावर, ३६ आणि ३७ च्या समोर, दात मिटतात त्या रेषेवर आणि तिच्या खाली, एक प्लाक. माप पुढून मागे २२ मिमी, वरून खाली १४ मिमी. आकार अनियमित, पुढची कड स्पष्ट, मागची भोवतालच्या म्युकोसात मिसळलेली. पुढचे दोन तृतीयांश पांढरे, पृष्ठभाग बारीक भेगाळलेला. मागच्या तृतीयांशात लाल जमिनीवर १ ते २ मिमीचे पांढरे दाणे. पुसून निघत नाही, ताणल्यावर नाहीसा होत नाही. दाबल्यावर दुखत नाही, रक्त येत नाही. मागच्या लाल भागात ८ मिमी एवढा कठीणपणा. गालाच्या त्वचेला चिकटलेला नाही. उजवा गाल आणि बाकीचं तोंड नेहमीसारखं. तोंड ४१ मिमी उघडतं, ११ ते ४१. डावीकडे जबड्याखाली एक गाठ, १० मिमी, घट्ट, सरकती, न दुखणारी. तंबाखू-चुना १८ वर्षं, दिवसाला ८ वेळा, दर वेळी २० मिनिटं, याच जागी. ३७ ची गालाकडची कड टोकदार.

प्राथमिक निदान: नॉन-होमोजिनस ल्युकोप्लाकिया, दाणेदार. कर्करोग वगळण्यासाठी लाल कठीण भागातून बायोप्सी.'

सहज दोनशे शब्दांच्या आत बसतं, लिहायला पाच मिनिटं लागतात. टोकदार ३७ जाणूनबुजून लिहिलंय. त्या दाताकडे बोट दाखवून बायोप्सी पुढे ढकलायची नाही, कारण लाल आणि कठीण भाग आधीच आहे. पण दाताची टोकदार कड घासून गुळगुळीत करायची आहे, आणि पॅथॉलॉजिस्टला सूज दिसली तर तिचं कारण ठाऊक असलेलं बरं.

कृष्णाकाठ

उत्तम. माप कशाने घेतलं तेही लिहावं. यूएनसी-१५ प्रोबवर १५ मिमीपर्यंत दर मिमीला खूण असते, म्हणून छोट्या व्रणांना तो सोयीचा. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ च्या खुणा नसतात, घाईत मोजताना चूक होते. २० मिमीच्या वर डिव्हायडर आणि स्टीलची पट्टी.

आणि मोजमाप बायोप्सीच्या आधी. नंतर सूज येते, कठीणपणा वाढल्यासारखा लागतो. टीएनएमच्या (कर्करोगाचा टप्पा ठरवायच्या पद्धतीच्या) आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कर्करोगात वरच्या मापाबरोबर खोलीही टी (मूळ गाठीचा टप्पा) ठरवते: २ सेमीपर्यंतचा आणि ५ मिमीपर्यंत खोल असेल तर टी१, खोली ५ मिमीच्या वर गेली की वरून छोटा दिसला तरी तो टी१ राहत नाही. खोली तुम्हाला खुर्चीत मोजता येणार नाही, पण 'वरून १५ मिमी, बोटांत जाड गोळा लागतो' हे वाक्य पुढच्या डॉक्टरला सावध करतं.

मांडवी

फोटोबद्दल. एक लांबून, दात दिसतील असा. एक जवळून, प्रोब चट्ट्याच्या पातळीत धरून. प्रोब कॅमेऱ्याजवळ आणि चट्टा मागे असेल तर माप चुकतं. डेंटल चेअरचा दिवा पिवळा असेल तर पांढरा चट्टा क्रीम रंगाचा आणि लाल भाग फिका येतो. दिवा बाजूला करून फोनचा उजेड वापरा, म्युकोसा कोरडा करून. आरशातून काढलेला फोटो उलटा असतो, आणि रुग्णाने सेल्फी कॅमेऱ्याने पाठवलेलाही कित्येक फोनवर उलटाच साठवला जातो. म्हणून फोटोखाली 'रुग्णाची डावी बाजू' असं शब्दांत लिहा. डोळे, चेहरा, केसपेपरवरचं नाव फ्रेममध्ये नको. व्हॉट्सअ‍ॅपवर रुग्णाला विचारूनच पाठवा.

निशिगंध

शेवटचा प्रश्न. एकाच रुग्णाच्या दोन चट्ट्यांची बायोप्सी पाठवायची असेल तर फॉर्म आणि बाटल्या कशा भरायच्या?

सूक्ष्मदर्शी

दोन जागा म्हणजे दोन बाटल्या, कधीही एक नाही. 'अ: डावा बकल म्युकोसा, ३७ समोर, लाल भाग' आणि 'ब: जिभेची उजवी कड, मागचा तृतीयांश, पांढरा प्लाक' असं बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात. फॉर्मवर हीच अ आणि ब अक्षरं, रुग्णाचं नाव, वय, तारीख. तोंडाची साधी आकृती काढून दोन्ही जागांवर खूण केली तर उत्तम.

तुकडा इन्सिजनल (चट्ट्याचा थोडा भाग) आहे की एक्सिजनल (अख्खा चट्टा) हे लिहा. अख्खा काढला असेल तर एका टोकाला टाका बांधा आणि 'टाका म्हणजे पुढची कड' असं फॉर्मवर नमूद करा. त्याशिवाय कुठली कड मोकळी आणि कुठली लागण झालेली, हे सांगता येत नाही. इन्सिजनलमध्ये लाल, दाणेदार किंवा कठीण भाग निवडा, कडेचा थोडा चांगला म्युकोसा सोबत घ्या, व्रणाच्या मधला मेलेला भाग नको. उथळ खरवड घेतली तर कर्करोग आत शिरला आहे की नाही हे ठरत नाही. खालचा थर यायलाच हवा. भूल चट्ट्यात टोचू नका, बाजूला द्या, नाहीतर पेशींत पाणी भरून चित्र बिघडतं. दाताच्या चिमट्याने तुकडा चेपू नका, कॉटरीने (विजेच्या उष्णतेने) कापू नका. पातळ तुकडा वळतो, म्हणून कागदाच्या तुकड्यावर म्युकोसा वर ठेवून पसरवा आणि कागदासकट बाटलीत सोडा.

द्राव १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलीन, तुकड्याच्या किमान दहापट, वीसपट असेल तर चांगलं. विकतचं फॉर्मलीन मूळ ३७ ते ४० टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि नऊ भाग पाणी म्हणजे १० टक्के फॉर्मलीन. बफर नसेल तर जुना द्राव आम्लधर्मी होऊन स्लाइडवर काळे कण येतात, म्हणून ताजा बनवा. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये पाठवू नका. बाटलीचं तोंड रुंद हवं, कारण फॉर्मलीनमध्ये तुकडा कडक होतो आणि अरुंद तोंडातून निघत नाही.

पेम्फिगस किंवा पेम्फिगॉइडची शंका असेल तर इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी) वेगळा तुकडा लागतो, व्रणाच्या शेजारच्या न सोललेल्या म्युकोसातून. तो फॉर्मलीनमध्ये टाकला की वाया गेला; मिशेल्स माध्यम नावाच्या वेगळ्या द्रावात पाठवतात. ते तुमच्याकडे नसेल तर तुकडा काढायच्या आधी प्रयोगशाळेला फोन करून बाटली मागवून घ्या.

निशिगंध

आभार. नमुन्याच्या वर्णनातले मुद्दे रिकाम्या जागांसह टाइप करून विभागातल्या केसपेपरच्या मागच्या बाजूला छापून घेते. माप, साधन, कड, तळ, पाया, पुसल्यावर, ताणल्यावर, गाठी, सवयीची जागा, उघड मिमीमध्ये आणि कोणत्या दातांपासून, असे रकाने ठेवते आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

कृष्णाकाठ

'पुढची तपासणी कोणत्या तारखेला' हा रकाना जोडा, आणि त्याच्याच खाली त्या दिवशीच्या मापासाठी रिकामी ओळ.